ब्लँकेटला चार टोकं

घडी घालायचं मशीन ऑक्टोबरपासून बंद आहे.
पार्ट येतोय म्हणतात. जहाजात आहे म्हणतात.
विनिपेगला समुद्र नाही.
तोवर सगळ्या इस्पितळांची ब्लँकेटं
आम्हीच घडी करतो,
दोघी दोघी, समोरासमोर,
पाळीला अकराशे.

माझं काम एवढ्यातच चालतं.
दोन टोकं धरून समोरची माझ्याकडे येते,
बोटांना बोटं लागतात,
तेवढ्यात एक वाक्य.
मग ती मागे सरते, मी मागे सरते.
पुढचं वाक्य पुढच्या ब्लँकेटला.
सुपरवायझर काचेमागून बघतो:
हात चालू आहेत ना, मग झालं.

करार जूनमध्येच संपला.
माझ्या जेवणाच्या डब्याखाली यादी आहे,
त्रेसष्ट नावं, पेन्सिलीनं.
बरोबरची खूण म्हणजे येणार,
फुली म्हणजे नाही,
आणि उरलेले सगळे
तळ्यात, मळ्यात.

घिरमायची बायको अजून अस्मारात, कागद अडकलेले.
त्याला वाटतं, संपावर गेलेल्याची फाईल
ढिगाच्या तळाशी जाते.
नाही रे जात, म्हटलं, वकिलाला विचार.
विचारलं त्यानं. परवा मळ्यात आला.
आज पुन्हा तळ्यात.

बोह्दान मागचा संप सांगतो:
सात आठवडे, उणे एकतीस,
पेटवलेल्या पिंपाभोवती,
आणि मिळाले काय, तासाला अकरा सेंट.
अकरा! म्हणून बोटं दाखवतो.
नऊच आहेत त्याच्याकडे.
मग यंदा फुली मारू? मी विचारलं.
वेडी आहेस का, म्हणाला. पिंप मी आणतो.

शेरिसला काही समजवावं लागलं नाही.
मागच्या मंगळवारी चादरीतून सुई निघाली,
थेट तळहातात.
रक्त तपासून ये म्हणाले,
स्वतःच्या सुट्टीत.

आज समोर एर्लिंदा.
पहिल्या ब्लँकेटला: गुरुवारी मतदान आहे.
दुसऱ्याला: माहीत आहे.
तिसऱ्याला: मग तुझं काय?
नंतर बराच वेळ नुसती ब्लँकेटं.
विसाव्याला म्हणाली, मी विरुद्ध मत देणार.
इलोइलोत मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष.
मनातल्या मनात मी फुली मारली.
एकविसाव्याला म्हणाली,
पण झालाच संप, तर मी आत यायची नाही.
बाविसाव्याला:
आत येऊन उभी कुणासमोर राहू?
ब्लँकेटला चार टोकं असतात.

याला खूण कुठली करायची
हे युनियनच्या शिबिरात शिकवलं नव्हतं.

तेविसावं.
आणि डोरीन, तुझं काय?

माझं.
यादीत चाळिसावं नाव माझंच,
तीन आठवडे झाले, पुढे कोरं.
जिची यादी ती तर आहेच,
असं सगळे धरून चालतात.
लेनर्डच्या गोळ्या कंपनीच्या विम्यावर,
महिन्याला नऊशे डॉलर.
संपाच्या पहिल्या दिवशी विमा बंद.
हे मी घिरमायला सांगितलेलं नाही.
लेनर्डलाही नाही.
रात्री तो झोपला की बाटली उघडते,
गोळ्या मोजते,
मतं मोजावीत तशा. दोनदा.

ती टोकं घेऊन आली,
बोटांना बोटं लागली,
आणि माझ्याकडे वाक्य नव्हतं.

तिनं टोकं सोडली नाहीत.
मीही नाही.
मागे ड्रायर घुमत होता.
काचेआड सुपरवायझर खुर्चीतून उठला:
दोन बायका, मधे अर्धी घडी,
हात थांबलेले.

पलीकडच्या टेबलावर शेरिसनं मान वर केली,
आमच्याकडे पाहिलं,
आणि तिचेही हात थांबले.